कॅम्पर व्हॅनमध्ये जादा बॅटरी आणि सोलर: गोव्याच्या खाऱ्या हवेत टिकेल असं वायरिंग

गोव्यात व्हॅनवरचं सोलर चार्ज करेनासं झालं की पहिला संशय टपावरच्या पॅनेलवर जातो. बहुतेक वेळा पॅनेल ठणठणीत असतं. बिघडलेला असतो एखादा जोड. टपावरचा कनेक्टर, फ्यूजखालचा नट, नाहीतर साध्या पकडीने कसाबसा चेपलेला लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची नळी आणि कडी. पितळेच्या भांड्यात आंबट आमटी राहिली की ती कळकते, आणि तांब्याच्या उघड्या तारेचं खाऱ्या दमट हवेत तेच होतं. आधी टोक हिरवं पडतं, मग तो हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत सरकत जातो. किनाऱ्यालगत दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीतली साधी वायर टोकापासून वीतभर आत सोलून पाहा, आतली तार काळपट आणि ठिसूळ निघते. म्हणून या लेखात पॅनेल-बॅटरीच्या ब्रँडपेक्षा केबल, लग आणि फ्यूज यांवर जास्त शब्द खर्च केले आहेत. पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत, असं आमचं ठाम मत आहे.

पुढचा सगळा हिशेब फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या आकाराची गाडी, दोन माणसं आणि १२ व्होल्टची सिस्टीम धरून केला आहे. ईकोसारख्या लहान गाडीसाठी आकडे निम्मे करा, पद्धत तीच राहते.

आधी वही-पेन्सिल

५० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. थंड गावात तो तासातली वीस मिनिटं चालेल, पण गोव्यात एप्रिल-मेमध्ये निम्मा वेळ चालतोच. म्हणजे दिवसाचे ५४० वॅट-तास. कॅटलॉगमधला खपाचा आकडा बहुधा २५ अंशांवर मोजलेला असतो, त्यावर विसंबू नका. टपातला पंखा ३० वॅट, दहा तास: ३००. तीन-तीन वॅटचे चार एलईडी दिवे, पाच तास: ६०. दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप: २००. पाण्याचा पंप ६० वॅट, दिवसभरात पंधरा मिनिटं: १५. बेरीज १११५ झाली. वायर आणि कंट्रोलरमध्ये (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य मापात देणारा डबा) वाया जाणारे दहा टक्के धरून सव्वाबाराशे वॅट-तास म्हणू.

आता बॅटरी. १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २५६० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे २०४८. ऊन अजिबात पडलं नाही तरी दीड दिवस आरामात निघतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून गाडीत टाकणारे बरेच भेटतील. १५० ॲम्पियर-तासांच्या त्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरता येते, म्हणजे ९०० वॅट-तास. वजन दोन माणसांना उचलून आणावं लागेल एवढं. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. जिथे माणसं झोपतात त्या बंद केबिनमध्ये तिला जागा नाही.

पॅनेलसाठी कोरड्या मोसमात दिवसाला पाच तास भर उन्हाचे धरा आणि उष्णता, धूळ, वायर यांचे मिळून ३० टक्के कापा. १२२५ भागिले ३.५ केलं की ३५० वॅट येतात. म्हणजे १८० वॅटची दोन पॅनेल, ३६० वॅट. भर पावसाळ्यात तेच तास अडीचवर आणा, मग दिवसाला जेमतेम ६३० वॅट-तास मिळतात. उरलेले सहाशे कुठून आणायचे, हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये गाडी वापरणाऱ्याने आत्ताच सोडवायला हवा. टपावर आणखी पॅनेल चढवून तो सुटत नाही, कारण ढगाखाली दुप्पट पॅनेलही तुटपुंजंच ठरतं. त्याचं उत्तर इंजिनाच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रात आहे. ते पुढे येईलच.

टपावर हात घालण्याआधी वाहतूक खात्यात चौकशी करून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही. आपल्या गाडीवर नेमकं काय चालेल हे लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. वायरिंगमुळे आग लागली आणि कंपनीला बदल माहीतच नव्हता, तर भरपाईचं अवघड होतं.

टपावर पॅनेल

पॅनेल तिरपं करणाऱ्या फ्रेमच्या मागे लागू नका. गोवा १५ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर, दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरातही दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो. सपाट पॅनेलचं तेव्हा पाचव्या हिश्श्याचं नुकसान होतं, पण आकाश निरभ्र असल्याने ते भरून निघतं. बिजागरी, काड्या आणि स्क्रू खाऱ्या हवेत गंजवत ठेवण्यापेक्षा सपाट बसवलेलं बरं.

पॅनेलच्या खाली मात्र ३० ते ४० मिलिमीटर मोकळी जागा ठेवाच. तापलेल्या टपाला चिकटलेलं पॅनेल मे महिन्यात ६५-७० अंशांपर्यंत जातं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे भर दुपारी १५ टक्के गेलीच. खालून वारा खेळला तर त्यातली बरीच वाचते. टपाला थेट चिकटवायची लवचिक पॅनेल याच कारणासाठी इथे टाळावीत.

बसवण्याचं काम नोव्हेंबर ते मे या काळात, सकाळी, सावलीत करा. क्रम असा ठेवा. टपावर पॅनेल नुसती ठेवून खडूने रेषा मारा. टपाच्या आतल्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते आतून ठोकून पाहा आणि ब्रॅकेट त्यांच्यावरच येतील असं जुळवा. पत्र्याच्या मोकळ्या भागावर आधार घेतला तर गाडीच्या हादऱ्याने पत्रा लचकत राहतो आणि सीलंट सुटतं. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला एक चौरस मीटर पॅनेलला साधारण ४५ किलोच्या जोराने वारा भिडतो. त्यामुळे एका पॅनेलला चार ब्रॅकेट हवेत आणि पुढच्या दोघांना बोल्ट हवेतच. नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका.

ब्रॅकेटखालची जागा बारीक पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि सीलंट कंपनीने सांगितलेला प्रायमर लावा. पॉलियुरेथेन सीलंटचा थर दोन-तीन मिलिमीटर राहिला पाहिजे. दाबून सगळा बाहेर काढला तर लवचिकपणाच उरत नाही. घरातल्या खिडक्यांना लावतात ते आम्लाच्या, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन इथे वापरू नका, ते पत्रा गंजवतं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, दिवसाला तीनेक मिलिमीटर. म्हणून गाडी दोन दिवस हलवू नका.

भोक पाडलं की लगेच कानशीने त्याची धार मारा, चिपा व्हॅक्यूमने उचला आणि उघड्या पत्र्याला झिंक प्रायमरचे दोन हात द्या. टपावर राहिलेली लोखंडाची एक बारीक चीप पहिल्या पावसात तांबडा डाग सोडते आणि रंगाखालचा पत्रा खाते. ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टेनलेसचा बोल्ट आणि लोखंडी टप हे तीन धातू ओल्या खारात एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडू लागतं. मध्ये रबरी किंवा नायलॉनचे वायसर घाला आणि बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (आट्या जाम होऊ न देणारं वंगण) लावा.

केबल आत घ्यायची पेटी टपाच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवा, म्हणजे गाडी धावताना पाऊस आत ढकलला जाणार नाही. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोक देऊन मग वर घ्या. पाणी त्या झोकाच्या तळातून ठिबकून जातं. झोक नसेल तर केबलवरून ओघळणारं पाणी थेट ग्लँडपर्यंत (केबल आत शिरते तिथली घट्ट पकड) जातं, आणि मृगापासून चतुर्थीपर्यंत गळतीचं मूळ शोधण्यात वेळ जातो.

माडाची सावली

दोन पॅनेल मालिकेत (एकाच्या प्लसला दुसऱ्याचा मायनस) जोडायची की समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस)? पुस्तकी उत्तर मालिकेकडे झुकतं, कारण करंट निम्मा राहतो आणि बारीक केबल चालते. गोव्यात गाडी बहुतेक वेळा माडांच्या आसपास लागते. एका झावळीची सावली एका पॅनेलवर आडवी पडली की मालिकेतल्या दुसऱ्या पॅनेललाही फटका बसू शकतो. समांतर जोडणीत सावलीतलं पॅनेल मागे पडतं, दुसरं आपलं काम करत राहतं. म्हणून इथे समांतरच जोडा. दोन पॅनेल असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज लागत नाही. तीन किंवा जास्त समांतर असतील तर लागतो, कारण एक पॅनेल बिघडलं तर बाकीची दोघं मिळून त्याच्यात उलटा करंट ढकलतात. आणि सावली असो वा नसो, थेट माडाखाली गाडी लावूच नका. वरून पडलेला एक नारळ पॅनेलची काच फोडायला पुरतो.

समांतर जोडणीत केबलमधून २० ॲम्पियर जातात. टपापासून कंट्रोलरपर्यंत चार मीटर अंतर धरलं तर सहा चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलमध्ये जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे पावणेतीन टक्के. चालेल. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टाहून जास्त जाईल. काळी, उन्हात टिकणारी, टिनचा मुलामा असलेली केबलच घ्या. म्हापसा-मडगावच्या साध्या इलेक्ट्रिक दुकानात ती नसेल तर सोलरचं काम करणाऱ्यांकडे किंवा बोटींचं वायरिंग करणाऱ्यांकडे विचारा.

एमसी-४, म्हणजे पॅनेलच्या केबलवरच्या क्लिक होणाऱ्या कनेक्टरचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे असू द्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात, क्लिकही होतात, पण आतली पकड जुळत नाही. जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. पिन चेपायला त्याचाच क्रिंपर, म्हणजे चेपायची पकड, लागतो. जोडल्यावर कनेक्टर टपावर पाण्यात पडलेला राहू नये, म्हणून पॅनेलच्या फ्रेमला वर बांधा. उन्हात करंट चालू असताना हा कनेक्टर कधीही ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये ३२ ॲम्पियरचा, डीसीसाठीच बनवलेला दोन पोलचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा. घरातला एसी एमसीबी इथे घालायचा नाही.

कंट्रोलर

३६० वॅटला ३० ॲम्पियरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेणारा, कंट्रोलर पुरतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो, आणि १८० वॅटच्या पॅनेलमधून तुम्हाला सव्वाशेच वॅट मिळतात. बाजारात पीडब्ल्यूएमच्या डब्यावर एमपीपीटी छापून विकलेला माल भरपूर आहे. हातात घेऊन पाहा. खऱ्या एमपीपीटीमध्ये तांब्याची जाड गुंडाळी आणि मोठा हीटसिंक असतो, तो जड लागतो. तीस ॲम्पियरचा म्हणून दिलेला डबा मोबाइलएवढा हलका असेल तर तो तिथेच परत ठेवा.

कंट्रोलर उभा बसवा, वर-खाली वीतभर हवा मोकळी ठेवा, बॅटरीपासून मीटरभराच्या आत ठेवा. बॅटरीकडे दहा चौरस मिलिमीटरची केबल आणि ४० ॲम्पियरचा फ्यूज. सेटिंगमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट निवडा. चार्ज १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, आणि इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठी मुद्दाम दिलेला जादा चार्ज) पूर्ण बंद. लेड-ॲसिडच्या सेटिंगवर राहून गेलेला कंट्रोलर महिनाभर ठीक चालल्यासारखा वाटतो, मग इक्वलायझेशनच्या दिवशी पंधरा व्होल्टांच्या वर जातो आणि बॅटरीचं बीएमएस (तिच्या आतलं रक्षक सर्किट) सगळं तोडतं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम चुकला तर पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीशिवाय कंट्रोलरवर येतं आणि काही कंट्रोलर त्यात जळतात.

बॅटरीची जागा आणि मुख्य फ्यूज

बॅटरी जमिनीवर, पट्ट्याने आवळून, चाकांच्या मधल्या भागात ठेवा. सायलेन्सरच्या वरची जागा टाळा. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या व्हॅनमध्ये हवा सहज ५५ अंशांपर्यंत तापते, आणि बऱ्याच लिथियम बॅटऱ्या ४५ ते ५५ अंशांच्या वर चार्जिंग नाकारतात. दुपारी पॅनेल जोरात असताना बॅटरी चार्ज घेत नाही, अशी तक्रार असेल तर आधी बॅटरीचं तापमान बघा. सीटखालच्या पेटीला दोन बाजूंना जाळीची भोकं ठेवा. जाळी बारीक हवी, कारण गोव्यातल्या मुंग्यांना उबदार कंट्रोलर आणि रिले फार आवडतात.

बॅटरी घेताना तिच्या बीएमएसची क्षमता विचारा. २०० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीतही कित्येकदा १०० ॲम्पियरचंच बीएमएस घातलेलं असतं. एक हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ८७ ॲम्पियर ओढतो, सुरू होतानाचा झटका वेगळा. दीडशे ॲम्पियरचं बीएमएस मागा.

मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत, १२५ ॲम्पियरचा. इथे ॲम्पियरइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे: तो फ्यूज किती मोठा शॉर्टसर्किटचा करंट तोडू शकतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो ॲम्पियर देते. गाड्यांत मिळणारा मेगा फ्यूज दोन हजार ॲम्पियरपर्यंतचा झटका तोडतो. त्याहून मोठा आला तर फ्यूज वितळूनही त्याच्या आरपार ठिणगी चालू राहू शकते. क्लास-टी प्रकारचा फ्यूज वीस हजार तोडतो. तो मिळाला नाही तर डीसी रेटिंग छापलेला एचआरसी (मोठा झटका तोडणारा) फ्यूज आणि त्याचा बेस घ्या. फ्यूजनंतर हाताने फिरवायचा मुख्य स्विच, मग बसबार (सगळे फाटे जोडायची धातूची पट्टी). निगेटिव्ह बाजूला शंट (बॅटरीत आलेली-गेलेली वीज मीटरला मोजून देणारी पट्टी), आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची एकच केबल. दुसरी एखादी वायर तिथे थेट लावली की तिचा हिशेब मीटरला कळत नाही. आणि हा मीटर लागतोच, कारण लिथियमचं व्होल्टेज चाळीस टक्क्यांवर आणि सत्तर टक्क्यांवर जवळपास सारखंच दिसतं.

लग नीट चेपायचा कसा

या एका कामात घाई करू नका. केबलचं टोक लगाच्या नळीइतकंच सोला, एकही तार न कापता. नळीत घालून हायड्रॉलिक क्रिंपरने, त्या मापाच्या षट्कोनी डायने, दोनदा चेपा. हातोडीने ठोकलेला किंवा पकडीने दाबलेला लग दिसायला घट्ट असतो. खात्री करायची तर एक नमुन्याचा लग चेपा आणि हॅक्सॉने मधोमध आडवा कापा. कापलेला भाग तांब्याच्या एका भरीव नाण्यासारखा दिसला पाहिजे. तारांचे सुटे गोल ठिपके आणि मध्ये काळ्या फटी दिसल्या तर डाय मोठी आहे, किंवा दाब कमी पडतोय. त्या फटींतूनच खारट ओल आत जाते. चेपल्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा आणि टोकातून गोंद बाहेर डोकावेपर्यंत तापवा. लगावर कथील ओतू नका. कथील केबलमध्ये चढून ती कडक करतं आणि हादऱ्यांनी तार तिथेच तुटते. नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये ते जाता कामा नये.

इंजिनकडून चार्जिंग

गाडीच्या बॅटरीपासून थेट रिले लावून लिथियम चार्ज करायची पद्धत सोडून द्या. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो. अल्टरनेटर देईल तेवढा करंट ती ओढते. गाडी सिग्नलला उभी असताना अल्टरनेटर हळू फिरतो, त्याचा पंखाही हळू फिरतो, आणि तेव्हाच त्याच्यावर सगळ्यात जास्त भार पडतो. गुंडाळी जळते. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली आणू शकतो. तेव्हा रिलेतून चार्ज जातच नाही.

३० ॲम्पियरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनकडची वीज ठरावीक मापात आणि योग्य व्होल्टेजवर जादा बॅटरीला देणारा डबा, हा दोन्हीचा उपाय. तो आत ४० ॲम्पियरपर्यंत घेतो. अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा पाहा, आपला भार त्याच्या निम्म्याच्या आत हवा. इंजिनच्या बॅटरीपासून १६ चौरस मिलिमीटरची केबल, दोन्ही टोकांना ६० ॲम्पियरचा फ्यूज. दोन्ही टोकांना कशासाठी? त्या केबलच्या दोन्ही बाजूंना बॅटऱ्या आहेत, मध्ये कुठेही ती पत्र्याला घासली तर दोघी तिच्यात ओततात. केबल इंजिनच्या भिंतीतून रबरी ग्रोमेटमधून आणा आणि शक्यतो गाडीच्या आतून न्या. चासीखालून नेली तर रायबंदर-चोडण किंवा केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर चढता-उतरता उडणारं खारं पाणी तिच्यावर बसत राहील.

चार्जरची निगेटिव्ह इंजिनच्या बॅटरीच्या टर्मिनलवर लावू नका. नव्या गाड्यांत तिथे सेन्सर असतो, तो चकतो. चासीवर जागा घासून स्वच्छ करा आणि तिथे लावा. इग्निशनची बारीक वायर चावी लागल्यावरच करंट येईल अशा फ्यूजला जोडा. ती राहून गेली तर गाडी उभी असतानाही चार्जर इंजिनची बॅटरी रिकामी करतो आणि सकाळी स्टार्टर गप्प बसतो.

पणजीहून काणकोणला जायला जवळपास दोन तास लागतात. तेवढ्यात हा चार्जर सुमारे ८०० वॅट-तास भरतो. पावसाळ्यातले मघाचे सहाशे इथून येतात.

आतले फाटे

फ्यूजबॉक्समधून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र वायर आणि फ्यूज. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर आणि ५ ॲम्पियर, पंख्याला अडीच आणि ७.५, पंपाला अडीच आणि १०, यूएसबी सॉकेटला चार आणि १५. फ्रिजला चार चौरस मिलिमीटर आणि १५ ॲम्पियर. यात काटकसर नको. चार मीटर लांब दीडच्या वायरवर कंप्रेसर सुरू होताना पाऊण-एक व्होल्ट पडतो, फ्रिजला बॅटरी संपल्यासारखी वाटते आणि तो पहाटे बंद पडतो. सकाळी मीटर साठ टक्के दाखवतो आणि मासे मात्र गेलेले असतात.

इन्व्हर्टर आणि २३० व्होल्ट

प्युअर साइन वेव्हचा एक हजार वॅटचा इन्व्हर्टर, बॅटरीपासून दीड मीटरच्या आत, ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलवर. हुमणाच्या वाटणासाठी साडेसातशे वॅटचा मिक्सर पाच मिनिटं चालवला तरी ६०-७० वॅट-तासच लागतात, ते काहीच नाही. काम झालं की इन्व्हर्टर बंद करायचा. नुसता चालू ठेवला तरी तो १०-१५ वॅट घेत बसतो, चोवीस तासांत फ्रिजच्या निम्म्या खपाएवढी वीज उडते.

इंडक्शन शेगडीचं खूप जण विचारतात, कारण पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याने मनाई आहे आणि चूल गाडीतच ठेवावी लागते. १८०० वॅटची शेगडी बारा व्होल्टवर १५५ ॲम्पियर ओढते. या लेखातली सिस्टीम त्यासाठी नाही. त्याला २४ व्होल्टची वेगळी आखणी लागते.

२३० व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण दोन गोष्टी स्वतः तपासा. बऱ्याच लहान इन्व्हर्टरचा आउटपुट तरंगता असतो, म्हणजे न्यूट्रल कुठेच चासीशी जोडलेला नसतो. अशा वेळी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) बसवूनही तो ट्रिप होणार नाही. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तर त्याच्या बाजूला न्यूट्रल चासीशी जोडायचा. होमस्टेच्या सॉकेटमधून वीज घेताना मात्र तो जोड गाडीत राहता कामा नये. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा चेंजओव्हर स्विच हवा. आणि त्या सॉकेटचं अर्थिंग गाडी जोडण्याआधी मीटरने बघा: फेज-अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते, तिथे गाडी लावायची नाही. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतून तापते.

रस्त्यावर नेण्याआधी

टपावर पाइपने पंधरा मिनिटं पाणी सोडा. दोन तासांनी आतून टॉर्च लावून ग्लँड आणि बोल्ट पाहा, हात फिरवून ओल बघा. मग इन्व्हर्टरवर इस्त्री लावा आणि दहा मिनिटं चालवा. बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल आणि इन्व्हर्टरचं पॉझिटिव्ह टर्मिनल यांच्यात मीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा जोड सैल आहे. प्रत्येक लगाला आणि फ्यूजला इन्फ्रारेड गनने बघा. केबलपेक्षा स्पष्ट गरम असलेला जोड तिथेच उघडून पुन्हा करा. शेवटी फ्रिज पाण्याच्या बाटल्यांनी भरा, चोवीस तास अंगणात चालवा आणि शंटचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा बॅटरीवर छापलेल्या टॉर्कने तपासा. चोर्ला घाट एकदा उतरून चढला की हादऱ्यांनी काय सैल झालं ते कळतंच. पॅनेल गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यावर मिठाचा पातळ थर बसतो, डिचोली-सत्तरीत खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवर लाल धूळ. कोरड्या फडक्याने घासलं तर दोन्ही काचेवर ओरखडे काढतात.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणा. आधी पॅनेलचा एमसीबी पाडा, मग मुख्य स्विच. फ्रिजचं दार उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. आठवड्यातून एकदा दारं उघडून वारा खेळू द्या. पाऊस ओसरल्यावर टपावर चढा, एमसीबी अजून पाडलेलाच ठेवून एकेक एमसी-४ उघडा आणि पिनेच्या टोकाकडे बघा. चकचकीत असेल तर परत लावा. हिरवट किंवा काळी असेल तर पुसत बसू नका, चार बोटं केबल कापा आणि नवा कनेक्टर चेपा. त्यासाठी केबल बसवतानाच पेटीपाशी हातभर जास्तीची गुंडाळी ठेवलेली असावी.